पाठीखालची वाकळ

सुई हातात धरायला मी शिकलो ते सत्तरी उलटल्यावर, आणि तेही रागाच्या भरात. त्याआधी सुईशी माझा संबंध एवढाच, की पायात काटा मोडला तर बायकोकडून मागून घ्यायची. सदऱ्याचं बटण तुटलं की मी सदरा खुंटीला लावून द्यायचो आणि पुढच्या खेपेला अंगात घालताना बटण जागेवर असायचं. कोण लावतं, कधी लावतं, याचा विचार करायची मला सवय नव्हती.

शाळा माझी चौथीपर्यंत. मग सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं, आणि मेंढरांवर भागेना तेव्हा सोलापुरात चादरीचा कारखाना. मागावर मी जन्म काढला. माग एकदा सुरू झाला की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. माझा उजवा कान त्यातच गेला. पण हात चालायचे. धागा तुटला की चालत्या मागापुढं उभं राहून मी बघता बघता गाठ मारायचो. बारीक, घट्ट, ओढली तर अजून घट्ट होणारी. नवीन कामगार आला की मालक त्याला सांगायचा, जा, त्याच्याकडनं आधी गाठ शिकून ये. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. खरं होतं ते लिहिलं.

बायको पडली ती थंडीत. न्हाणीतून बाहेर आली, उंबऱ्यात थांबली, आणि भिजलेली भिंत बसावी तशी डाव्या अंगानं खाली बसली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डावा हात, डावा पाय, डावी कूस, सगळं गेलेलं. जीभ तेवढी शाबूत. जीभ राहिली याचं मला पहिल्या दिवशी लई बरं वाटलं. पुढं रोज वाटलंच असं नाही.

सोडताना तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "आजोबा, दर दोन तासांनी कूस बदलायची. अंथरुणाला सुरकुती नको, ओल नको. पाठीला एकदा जखम पडली की लवकर भरत नाही." हवेची गादी घ्या म्हणाली. घेतली. वीज गेली की गादी बसायची, आली की घुरघुरत फुगायची. "ह्यो रेडा माज्या खालनं काडा," बायको म्हणाली. फोमची आणली तर तिच्यावर अंग भाजायचं. सोलापूरचं ऊन काही चैत्राची वाट बघत नाही.

तिला वाकळ पाहिजे होती. गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं शिवलेली, मऊ, कितीदाही धुता येणारी. तिनं जन्मभर वाकळा शिवल्या आणि जन्मभर वाटल्या. लेकीच्या बाळंतपणाला दिल्या, भाच्यांना दिल्या, वरच्या खोलीत भाड्यानं राहून गेलेल्या लोकांना दिल्या. घरात उरली होती ती एकच, मधे फाटून जाळी झालेली.

"इकत आणतो," मी म्हणालो.

"इकतच्या मशिनीवर शिवत्यात, आत चिंध्या कोंबत्यात. त्यापरास खडीवर निजवा मला."

"मग शेजारच्या वैनींना सांगतो शिवायला."

तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

या वैनी कोण ते सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत कुठलंही बाईमाणूस गेलं की पहिलं पाणी त्या तापवतात. मेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालायला बाकीच्या बायका बिचकतात, वैनी बिचकत नाहीत. चारजणींना हाताशी घेऊन दार ओढून घेतात आणि लेकीला न्हाऊ घालावं तशी तिला घालतात. कुणाच्या घरचा चहाही घेत नाहीत. बाई चांगली. पण बाहेर आली की तोंडाला कुलूप नाही. कोपऱ्यावरची एक म्हातारी अंथरुणाला खिळून गेली, तिच्या पाठीला केवढं भोक होतं, त्यात काय वळवळत होतं, हे नळावर वर्षभर चाललं. त्या म्हातारीनं विड्या वळून पोरं वाढवली, नातवंडं वाढवली. आता तिचा विषय निघाला की लोकांना फक्त भोक आठवतं.

त्या आंघोळीला माझी बायको हजर होती. पाणी तिनंच ओतलं होतं.

"ऐका," ती म्हणाली. "मी आता ह्यातनं उठत न्हाय. त्याचं मला काय न्हाय. पर बाया मला न्हाऊ घालतील तवा माजी पाठ साफ पायजे. नळावर माज्या पाठीची गोष्ट व्हायला नगं. येवडं करा माजं."

"मग वाकळ शिवनार कोन?"

"तुमी."

मी हसलो. ती हसली नाही.

"बायकांचं काम हाय ते."

"मग व्हा की बायको," ती म्हणाली. "हाय ती तर हितं मोडून पडलीया."

त्या रागात मी उठलो आणि तिचा शिवणाचा डबा काढला.

शिवायचं म्हटलं तर कापड पाहिजे, आणि कापड नव्हतं. तिची ट्रंक उघडली तर सगळ्या गुळगुळीत नायलॉनच्या साड्या. घाम पीत नाहीत, अंगाला चिकटतात. सुती लुगडी तिनं कधीच भांडेवालीला घालून स्टीलचे डबे घेतले होते. जुन्या कपड्यांच्या बाजारात हिंडून आलो, तिथंही तेच. चादरींच्या गावात मऊ सुती जुनेर मिळेना. वैनींच्या माळ्यावर त्यांच्या सासूची नऊवारी लुगडी बांधून ठेवलेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत. पण जुनेर मागायचं म्हणजे कशाला ते सांगायचं.

"तिच्याकडं मागू नका," बायको म्हणाली. "तिला लगीच वास लागंल."

मग मी जुन्या मालकाच्या कारखान्यात गेलो आणि चादरीचे तुकडे घेऊन आलो. तिच्या चांगल्या हाताखाली ठेवले. तिनं बोटं फिरवली.

"चादर अंगावर घ्यायची असती, अंगाखाली न्हाय. पोतं लागतंय की वं."

जे विणण्यात माझा कान गेला त्याला ती पोतं म्हणाली. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही. कूस बदलली, खायला घातलं, पण बोललो नाही. संध्याकाळी माझी धोतरं काढून तिच्यापुढं टाकली.

माझ्या बरोबरीचे सगळे कधीच पायजम्यावर गेले, काही तर प्यांटीवर. मी धोतर सोडलं नव्हतं. धुऊन धुऊन ती धोतरं सायीसारखी झाली होती. तिनं हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ह्येला म्हनत्यात जुनेर," ती म्हणाली. "पर तुमी काय घालनार?"

"नागवा फिरीन."

जावयानं कधीतरी दिलेला पायजमा होता, तो घातला. पानटपरीवर बसणारी टोळी वाटच बघत होती जशी. "काय मामा, आज पायजमा. उद्या बर्म्युडा का?" मी थांबलो नाही. कान गेलेला असला की एक फायदा असतो, लोकांना वाटतं ऐकू आलं नाही.

शिवायला खाटेशेजारी फरशीवर बसलो. पहिल्या दिवशी दाभण घेतलं, कारण तेवढंच हाताला जाणवत होतं.

"पोती भरायचीत का?" ती वरून म्हणाली. "डब्यात लांब सुई हाय, ती घ्या."

सुई घेतली, पण ओवायची कशी? मला जवळचं दिसत नाही. तिला दिसतं, पण हात एकच. शेवटी मी दोन्ही हातांनी सुई घट्ट धरून तिच्या डोळ्यांपुढं न्यायची आणि तिनं उजव्या हातानं दोरा घालायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे भांडून ठरलं.

"हलू नका."

"मी कुटं हलतोय? तुजाच हात हलतोय."

"येकच ऱ्हायलाय, त्येला तरी नावं ठिवू नका."

दोरा आत गेला की दोघांनाही काहीतरी मोठं काम झाल्यासारखं वाटायचं. संसारात तिचं काम तिचं आणि माझं माझं होतं. एका कामाला दोघांचे हात लागलेत असं मला त्याआधीचं काही आठवेना.

तिनं सांगितलं, थर नीट अंथरा, तळहातानं मधून कडेला सारवत न्या, लांब लांब कच्चे टाके घाला, मग शिवायला घ्या. मी कच्चे टाके घातले नाहीत. कापडाचं मला कोण शिकवणार? मागावर कापड आपोआप ताठ येतं. फरशीवर नाही आलं. चारी कडांनी शिवत आत गेलो आणि मधे हा एवढा फुगा उभा राहिला.

"आत गाडगं ठिवलंय का?" तिनं विचारलं.

सगळं उसवलं. उसवत होतो तेवढा वेळ ती काही बोलली नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या खेपेला कच्चे टाके घातले. बोटाला टोपण घाला म्हणाली, ते मात्र मी घातलं नाही. बोटाला भोकं पडली. कापडावर रक्त लागलं की म्हणायची, "तुमचीच थुंकी लावा, आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निगतंय." खरंच निघायचं.

वाकळ झाली. टाका एक बोटभर तर दुसरा जवाएवढा, ओळी बैल मुतल्यासारख्या. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "मांजर निजंल हिच्यावर." तिच्या तोंडून ही शाबासकी होती. मी ती वाकळ तिच्याखाली अंथरली आणि त्या रात्री मला लई चांगली झोप लागली.

प्रत्येक दोऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला मी गाठ मारली होती. माझी गाठ. बारीक आणि घट्ट. टाके वाकडे आहेत, पण गाठी सुटणार नाहीत, असं मी मनात म्हणत होतो. दोरा संपायचा तो बहुतेक मी बसायचो त्या बाजूला, म्हणून सगळ्या गाठी एका कडेला दाटल्या होत्या, आणि वरच्या अंगाला. ती कड नेमकी तिच्या डाव्या कुशीखाली गेली.

एक-दोन दिवसांनी पुसायला म्हणून तिला वळवली तर डाव्या खुब्यावर लाल ठिपके. ओळीनं. मुंग्या चावल्यासारखे, पण मुंग्या ओळीत चावत नाहीत. हाडावरचे दोन ठिपके एक झाले होते.

"काय झालं?" तिनं विचारलं. तिचं तोंड भिंतीकडं होतं.

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हनायला येवडा येळ लागत न्हाय."

सांगितलं. "तुला दुकलं न्हाय?"

"त्या अंगाला मी न्हाईच की. तितं दगड ठिवा न्हायतर फुलं ठिवा, मला काय कळतंय."

मग म्हणाली वाकळ इकडं आणा. मी कड तिच्या उजव्या हातात दिली. बोटं एकेका गाठीवर थांबत पुढं गेली.

"ह्ये काय हाय?"

"गाठी."

"वाकळंला?" ती माझ्याकडं बघत राहिली. "अवो, वाकळंला कुनी गाठ मारत न्हाय. लेकरं निजत्यात तिच्यावर."

हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे कुणाला सांगावं लागतं हेच तिला माहीत नव्हतं. तिच्या हाताला ते लहानपणापासून ठाऊक, आणि माझ्या हाताला बरोबर उलटं ठाऊक. दोघांचेही हात आपापल्या जागी बरोबर होते. पण जखम झाली, आणि ती मी केलेल्या वाकळेनं झाली. काळी पडली, मग काळं सुटून आलं आणि खाली खड्डा दिसला.

गल्ली कुठली ते मी लिहीत नाही, तिचं नाव लिहीत नाही. त्यामुळं ही कुणाची पाठ ते कुणाला कळायला मार्ग नाही. एवढा विचार करूनच लिहायला बसलोय.

त्यानंतर मी नव्यानं शिकलो. दोऱ्याचं टोक दोन थरांच्या आत लपवायचं, जागच्या जागी एक उलटा टाका घालायचा आणि पुढं जायचं. संपताना सुई आतल्या आत थोडी लांब नेऊन बाहेर काढायची आणि दोरा कापायचा. टोक पोटात राहतं. सांगायला सोपं. माझी बोटं ऐकत नव्हती. दोरा संपला की अंगठा आणि तर्जनी आपोआप वळायची आणि मला कळायच्या आत गाठ झालेली असायची. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं ते बोटांना विसर म्हणून सांगायचं. कितीतरी वेळा गाठ कापून फेकली. एकदा चिडून सुईच मोडली.

"रडा की येकदा," ती म्हणाली. "मोकळं व्हाल."

"मी न्हाय रडत."

"मग शिवा."

नवी वाकळ झाली तेव्हा मी ती फरशीवर अंथरली, सदरा काढला आणि उघड्या पाठीनं तिच्यावर निजलो. या कुशीवर, त्या कुशीवर, खुबा दाबून. तिचं अंग सांगत नव्हतं, मग माझ्या अंगानं सांगायचं.

"लागतंय का कुटं?"

"डाव्या खांद्याखाली कायतरी हाय."

"उसवा तेवडं."

पुढं प्रत्येक वाकळेवर आधी मी निजायचो, मग ती. धोतरं संपली तेव्हा लेक जेऊरहून येताना तिच्या सासूची दोन सुती लुगडी घेऊन आली, न विचारता. लेकीला जखमेचं माहीत होतं. तिच्याकडूनच मी मीठपाण्यानं धुवायला आणि पट्टी लावायला शिकलो. रेल्वेनं यायची, दोन रोज राहायची, जायची. तिची स्वतःची माणसं होती, रानातली कामं होती. मी तिला राहा म्हणालो नाही.

वाकळा रोज बदलायच्या म्हणजे रोज धुवायच्या. माडीवर तारेला वाळत घातल्या की वैनींच्या खिडकीतून दिसायच्या. एक दिवस त्यांनी गाठलंच.

"भावजी, वाकळा कुनी शिवल्या वं?"

"लेकीनं."

"तिचा हात असला कसा? आईनं शिकवलं न्हाय का? टाकं बगा की, कुत्रं पळाल्यावानी."

लेक पुढच्या खेपेला आली तर नळावर बायका तिला टाके कसे घालायचे ते शिकवायला लागल्या. ती घरात येऊन आईला सांगत सुटली, "आये, आबांचं टाकं माज्या नावावर! जेऊरपतूर माजी आब्रू घालवली." बायको इतकी हसली की खोकला लागला. ती हसली ते मी शेवटचं बघितलं.

जखम भरत आली होती. हे खरं आहे. कडेनं गुलाबी कातडी धरली होती, खड्डा वर आला होता. चैत्रात एक दिवस मी वाटीएवढी असलेली जखम बोराएवढी झालेली बघितली आणि घरात एकटाच असल्यासारखा मोठ्यांदा बोललो, "जमतंय." ती ऐकत होती. "काय जमतंय?" म्हणाली. "टाका," मी म्हणालो.

मग ऊन पेटलं. आमच्या खोलीत दुपारी श्वास घेतला तरी नाक भाजायचं. तिनं भाकरी सोडली. मग भात सोडला. पेज दोन घास. ताप यायचा आणि जायचा. अंगावरचं मांस उतरलं आणि हाडं खालून कातडीला टेकली. माकडहाडाच्या डाव्या अंगाला आधी रंग बदलला, मग एका आठवड्यात तिथं उघडलं, आणि यावेळी कुठल्या गाठीनं नाही, कशानंच नाही. मी वाकळेवर वाकळ घातली, कूस बदलायचा वेळ अर्ध्यावर आणला. दवाखान्यातली सिस्टर येऊन बघून गेली. तिनं माझ्या वाकळेवर हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबा, आता अंथरुणाचा दोष नाही. अंगातच काही राहिलं नाही." मी तिला म्हणालो, तुम्ही औषध द्या, अंथरुणाचं मी बघतो. 

नवी जखम जुनीपेक्षा मोठी झाली. वास यायला लागला. मी उदबत्ती लावायचो. मी लेकीला कळवलं नाही. येऊन बघून तिनं काय केलं असतं?

एका संध्याकाळी बायको पहिल्यासारखं स्वच्छ बोलली.

"भरली का वं?"

मी तिच्या पाठीमागं बसलो होतो, हातात पट्टी. तिला तिथलं काही दिसत नव्हतं, कळत नव्हतं.

"भरली," मी म्हणालो.

"समदी?"

"समदी. कातडी आली."

 मला वाटलं झोप लागली.

"मग आता कोनबी न्हाऊ घालू दे," ती म्हणाली. "वैनीलाच बोलवा. तिचा हात हलका हाय."

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. चहा करून आणला तर गेलेली होती. पेला हातात धरून मी तिथंच उभा राहिलो आणि तो चहा मीच प्यालो, उभ्याउभ्या. का प्यालो मला सांगता येणार नाही.

लेकीला फोन लावला. मग वैनी आल्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, मागं चारजणी, एकीच्या हातात हिरवी साडी. नवऱ्याआधी गेलेली बाई, तिचा मान मोठा असतो. वैनींनी येतानाच स्वतःच्या चुलीवर तापवलेलं पाणी घागरीत भरून आणलं होतं.

"भावजी, तुमी भाईर बसा. आमी बगतो."

मी दारात उभा होतो. "पानी हितं ठिवा," मी म्हणालो.

"ठिवतो की. तुमी सरका."

"न्हाय. आंगोळ मी घालनार."

त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "बायका न्हाऊ घालत्यात, भावजी! सवाष्न हाय ती!"

"ऐकू आलं. मीच घालनार."

"असं कुटं असतंय? लोक काय म्हनतील? तिचा आत्मा..."

"त्येचं माजं मी बगतो. साडी द्या हिकडं."

मागच्या एका बाईनं डोक्याला बोट लावून दाखवलं, मला दिसलं. दिसू दे. मी पाण्याची घागर आत ओढली, साडी घेतली आणि दार लावलं. बाहेर कुजबुज, मग जोरात बोलणं. माझा चांगला कान दाराकडं होता, तो मी दुसरीकडं केला.

तिला आंघोळ घालायला मला शिकायला लागलं नाही. थंडीपासून मीच पुसत होतो, मीच वळवत होतो. कुठं हात घातला की अंग सोपं वळतं हे मला माहीत होतं. वैनींनी पाणी चांगलं कोमट आणलं होतं, त्यात हळदही टाकलेली होती. डोक्यावरून घातलं, तोंड धुतलं, हात धुतले. उजव्या हाताच्या तर्जनीवर सुईनं झालेला जुना घट्टा होता. पाठ मी शेवटी धुतली. जखम धुतली, टिपली आणि वाकळेतलं एक फडकं काढून तिच्यावर बसवलं, सगळ्या बाजूंनी दोऱ्यानं अंगाभोवती बांधलं. तिथं मी गाठ मारली. आता तिला लागणार नव्हती.

हिरवी साडी मला नेसवता आली नाही. कशीतरी गुंडाळली. पाठ झाकली, घट्ट. मग दार उघडलं आणि बायकांना म्हणालो, या, काय कुंकू लावायचं ते लावा, साडी सोडायची न्हाय.

वैनींनी आत येऊन नाक वर केलं. वास त्यांना आला असणार, उदबत्त्या लावल्या होत्या तरी. त्यांनी निऱ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर बसून, साडी न सोडता, वरच्यावर निऱ्या सारख्या केल्या आणि कपाळाला कुंकू लावलं.

लेक दुपारी आली. आईचा पदर वर करू लागली तर मी हात धरला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सोडला.

तिचं अंथरूण मी कुणाला उचलू दिलं नाही. सगळ्या वाकळा मीच गाठोड्यात बांधल्या आणि मीच नेऊन टाकल्या. एकही ठेवली नाही.

गल्लीत व्हायची ती गोष्ट झालीच. म्हातारा येडा झाला. मेलेल्या बायकोला बाईमाणसाचा हात लागू दिला नाही. लाज सोडली, रीत सोडली. कुणी म्हणालं, अंगावर दागिना असेल, तो काढून घ्यायचा असेल. पानटपरीवरची टोळी मी गेलो की गप्प व्हायची, तेवढंच. मी पायजम्यात जायचो आणि पायजम्यात यायचो. बाजारात नवीन धोतरं मिळतात, पण घ्यायला गेलो नाही.

वैनी दहावं-तेरावं होईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा नळावर मी घागर भरत होतो तेव्हा मागून आल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"भावजी," त्या हळू म्हणाल्या, आणि मला ऐकू आलं नाही असं वाटून परत, "भावजी. मला सांगायचं की वं. मी काय कुनाजवळ बोलले असते का?"

मी नळ बंद केला.

"बोलला असता तुमी."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बोलले असते."

मग त्यांनी त्यांची घागर नळाखाली सरकवली आणि मी माझी उचलली.